अलास्कासाठी जहाज निवडताना

अमेरिकेतल्या अलास्काच्या सफरीसाठी जहाज निवडताना वरच्या डेकवरच्या उघड्या तलावाला भुलू नका. जुनो, केचिकन या तिथल्या बंदरांकडे ऐन उन्हाळ्यातही गारठा आणि पाऊस असतो. तिथे कामी येतात ते काचबंद सज्जे, छताखालचा तलाव आणि जहाजाभोवती फिरता येईल असा आडोशाचा डेक. मोठं जहाज कमी हलतं, असं कुणी म्हणेल, आणि ते खरंही आहे. पण व्हँकुव्हरहून निघणारा ‘इनसाइड पॅसेज’चा मार्ग बराचसा बेटांच्या आडोशाने जातो, तिथे आकाराचा हा फायदा फारसा जाणवत नाही. शिवाय हिमनद्यांच्या ग्लेशियर बे राष्ट्रीय उद्यानात दिवसाला जास्तीत जास्त २ मोठ्या प्रवासी जहाजांनाच प्रवेश मिळतो. म्हणून तिकीट काढण्याआधी मार्गपत्रिकेत ग्लेशियर बेचं नाव आहे का, ते नक्की पाहा.