जर्मन माणूस आणि आपण

(चाकणजवळच्या एका गावी, रात्रीच्या वर्गापुढे केलेले भाषण)



मागच्या खेपेला वर्ग सुटल्यावर एका मावशींनी आम्हाला दारातच अडवलं. त्यांचा मुलगा आयटीआय झाला आहे. एका कारखान्यात ठेकेदाराकडे काम करतो. आता त्याच्या मनाने जर्मनीला जायचं घेतलं आहे. मावशी म्हणाल्या, "दादा, तुम्ही तो देश पाहिलाय. पोरगा म्हणतो, तिकडची माणसंच वेगळी. शिस्तीची, खरं बोलणारी, कामाला वाघ. आपण म्हणजे आळशी, कशाला धरबंध नाही. हे खरं का?"

उभ्या उभ्या उत्तर देता आलं नाही. म्हणून आज तोच विषय घेतला आहे.

जर्मनी हा देश आपल्याला आता परका राहिलेला नाही. 1994 साली मर्सिडीज कंपनी पिंपरीत आली. 2009 साली तिने चाकणला स्वतःचा कारखाना उघडला. त्याच वर्षी फोक्सवॅगनचाही कारखाना चाकणला सुरू झाला. चाकण म्हटलं की पूर्वी कांद्याचा बाजार आठवायचा, नाही तर फिरंगोजी नरसाळ्यांनी लढवलेला भुईकोट. आता मोटारी आठवतात. आणि फेब्रुवारी 2024 मध्ये आपल्या महाराष्ट्र शासनाने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग या राज्याशी करार केला. नर्स, वीजतंत्री, नळजोडणी करणारे, वाहनचालक, असे कामाचे जाणकार लोक आपण द्यायचे, असा तो करार आहे. मावशींच्या मुलाच्या कानावर तेच आलं असणार.

तो देश केवढा? आपल्या महाराष्ट्राहून थोडासाच मोठा. पण माणसं कमी. 2011 च्या शिरगणतीत महाराष्ट्रात सव्वाअकरा कोटी माणसं भरली. सबंध जर्मनीत साडेआठ कोटीही नाहीत. त्यातही म्हातारी माणसं फार. 1972 सालापासून तिथे दरवर्षी जन्मापेक्षा मृत्यू जास्त होत आले आहेत. पाळणे कमी हलतात. मग यंत्र कोण चालवणार, आजाऱ्याची उशापायथ्याशी सेवा कोण करणार? म्हणून ते आपली मुलं मागताहेत. आपल्यावर उपकार म्हणून नव्हे. त्यांना गरज आहे. हे आधी ध्यानात ठेवा, म्हणजे मान खाली घालून बोलायची पाळी येत नाही.

आम्ही पिंपरीच्या एका कारखान्यात बत्तीस वर्षं नोकरी केली. 1995 सालच्या नोव्हेंबरात एका नव्या यंत्राचं काम शिकायला आम्हा तिघांना सहा महिने जर्मनीला धाडलं होतं. दुपारी साडेचार वाजले की दिवेलागण. पहिला शनिवार आला. आम्ही आरामात उठलो, कपडे धुतले, आणि तिसऱ्या प्रहरी पिशवी घेऊन बाजाराला निघालो. सगळी दुकानं बंद! तेव्हा तिथे शनिवारी दुपारी दोनलाच दुकानं मिटत. रविवारी तर उघडायचीच नाहीत. दोन दिवस आम्ही चिवडा आणि चहावर काढले. आता शनिवारी रात्रीपर्यंत दुकानं चालतात, पण रविवारी अजूनही बंदच असतात. दुकानात राबणाऱ्यालाही घर आहे, असं त्यांचं म्हणणं.

दुसऱ्या रविवारी आमच्यातल्या एकाने भिंतीत खिळा ठोकायला घेतला. दुसऱ्या ठोक्याला शेजारीण दारात हजर. रागावली नाही. घड्याळ दाखवलं, बोट ओठावर ठेवलं, आणि गेली. रविवारी आवाज करायचा नसतो. आमच्याकडे लग्नात रात्री बारापर्यंत ढोल वाजतो, हे तिला सांगायचं राहूनच गेलं.

कामावर मात्र आम्ही खूप शिकलो. कामाची वेळ सहाची, तर माणूस पावणेसहाला कपडे बदलून यंत्राशी उभा. हत्यार वापरलं की पुसून जागच्या जागी. सोळा-सतरा वर्षांची पोरं शिकाऊ म्हणून असत. आठवड्यातले तीन-चार दिवस कारखान्यात, एक-दोन दिवस शाळेत. असं तीन-साडेतीन वर्षं शिकायचं, आणि त्या काळातही पगार मिळायचा. फोरमन त्यांना ओरडत नसे. एकच भाग दहा वेळा करून घेई.

आता राहणीचं ऐका. तिथे मजूर आजारी पडला, तर सहा आठवड्यांपर्यंत मालक पुरता पगार देतो. तसा कायदाच आहे. आजारपणाच्या विम्याचा कायदा तर त्यांनी 1883 साली केला. वर्षाला निदान चार आठवडे भरपगारी रजा मिळते. दोन हजारांहून जास्त कामगार असलेल्या मोठ्या कंपनीच्या देखरेख मंडळावर निम्म्या जागा कामगारांच्या असतात. तोही कायदा, 1976 चा. म्हणजे जो माणूस नियम पाळतो, त्याला नियम करताना विचारलेलंही असतं. हे आम्हाला पगाराहून मोठं वाटलं.

इकडे काय? आमच्या मावशींचा मुलगा तापाने फणफणला तर त्या दिवसाची हजेरी गेली. पण थांबा. आपल्याकडेही ईएसआयची सोय 1948 च्या कायद्याने झाली. महिना एकवीस हजारांपर्यंत पगार असलेल्या कारखान्यातल्या कामगाराला ती लागू आहे, ठेकेदाराच्या माणसालासुद्धा. ठरावीक दिवस वर्गणी भरलेली असली, तर आजारपणात वर्षाला एक्याण्णव दिवसांपर्यंत पगाराचा सत्तर टक्के भाग मिळतो. तुमच्यापैकी कितीजणांच्या मुलांनी आपलं नाव नोंदलं आहे का ते पाहिलंय? हात वर करा. ... दोनच? आता वाचता येतं ना? उद्या घरी पगाराची चिठ्ठी मागून घ्या आणि वाचा.

तिकडच्या पगाराचा आकडा ऐकून डोळे फिरतात. 2025 साली तिथे तासाची कमीत कमी मजुरी बारा युरो ब्याऐंशी सेंट होती. एक युरो म्हणजे आपले शंभर रुपये धरा. पोरं लगेच गुणाकार करतात. पण तो आकडा हातात पडत नाही. कर आणि विमे यांपोटी साधारण चौथा ते तिसरा हिस्सा आधीच कापला जातो. मग खोलीचं भाडं. मग थंडीत खोली ऊबदार ठेवायचा खर्च. एक वेळ केस कापायचे म्हटले तर आपला दोन दिवसांचा बाजार होईल. शिल्लक राहते, नाही असं नाही. पण जमवावी लागते.

आणि एक गोष्ट पगाराच्या चिठ्ठीवर छापलेली नसते. त्या देशात दर पाच घरांपैकी दोन घरांत एकटाच माणूस राहतो. आमच्या जिन्यावर एक आजोबा होते. सहा महिन्यांत त्यांच्याकडे कोणी आलेलं आम्ही पाहिलं नाही. घर गरम होतं, औषधं होती, पेन्शन होतं. सकाळी आम्ही जिन्यात दिसलो की ते मुद्दाम सावकाश उतरायचे. दोन शब्द बोलायला मिळावेत म्हणून. आमची भाषा त्यांना येत नव्हती, त्यांची आम्हाला नीट येत नव्हती. तरी रोज थांबायचे.

तर आता मावशींच्या प्रश्नाकडे वळू. शिस्त रक्तात असते का?

असती, तर दोनशे वर्षांपूर्वीही दिसली असती. त्या काळचे इंग्रज प्रवासी जर्मनीत हिंडून आले, आणि त्यांनी काय लिहिलं? जर्मन माणूस संथ, मठ्ठ, त्याला कशाची घाई म्हणून नाही. आज गोरा साहेब आपल्याबद्दल जे बोलतो तेच! पुढे तिथे शाळा झाल्या, कारखाने झाले, रेल्वे झाली. माणूस घड्याळाला लागला.

आणखी पुरावा हवा? त्यांचाच देश घ्या. लढाईनंतर 1949 साली जर्मनीचे दोन तुकडे झाले. पूर्वेकडे एक राज्य, पश्चिमेकडे दुसरं. भाषा एक, रक्त एक, सणवार एक. 1961 साली बर्लिन शहरात मध्ये भिंतही घातली. पश्चिमेची मोटार जगभर विकली जाऊ लागली. पूर्वेला त्राबांट नावाची छोटी मोटार मिळायची. ती घ्यायची तर नाव नोंदवून दहा वर्षांहून जास्त वाट पाहावी लागे. सख्ख्या भावांची ही गत! 1989 साली भिंत पडली, 1990 साली देश पुन्हा एक झाला. आता सांगा, यात रक्ताचा काय दोष?

त्यांच्या शिस्तीला काळी बाजूही आहे. 1933 ते 1945 या वर्षांत तिथे हिटलरचं राज्य होतं. त्याच शिस्तीने, त्याच वक्तशीर रेल्वेगाड्यांनी लाखो ज्यू माणसांना मारायला नेलं. हुकूम आला की पाळायचा, हा गुणच म्हणायचा का? त्यांच्या शाळांत आज मुलांना हे शिकवतात. लपवत नाहीत. ते आम्हाला आवडलं.

आणि खरेपणा म्हणाल, तर 2015 साली फोक्सवॅगन कंपनीची लबाडी उघडकीला आली. मोटारीचा धूर तपासताना कमी दिसावा अशी युक्ती जगभरच्या सुमारे एक कोटी दहा लाख गाड्यांत बसवलेली होती. गाड्या तर, विचारूच नका. 2024 साली तिथल्या लांब पल्ल्याच्या शंभर गाड्यांपैकी साधारण बासष्टच वेळेवर पोचल्या. जर्मन माणूस फलाटावर उभा राहून रेल्वेला जी बोल लावतो, ती ऐकली की आपल्या एसटी स्टँडची आठवण येते.

आता आपल्या घराकडे या. मुंबईचे डबेवाले कुठले? मावळातले, खेड-जुन्नर-आंबेगावचे. म्हणजे तुमचेच भाऊबंद. 1890 च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी ते काम सुरू केलं. डब्यावर रंगाच्या खुणा, चार हातांतून डबा जायचा, आणि दुपारच्या जेवणाला ज्याचा त्याला पोचायचा. हे पाहायला परदेशचे लोक येतात. तोच माणूस यात्रेला गावी आला, ग्रामसभा दहाला ठेवली, की साडेअकराला येतो! अंगातली शिस्त कोणी काढून घेतली का? नाही. डबा उशिरा गेला तर माणूस उपाशी राहतो, हे त्याला ठाऊक आहे. ग्रामसभा उशिरा झाली तर कोणाचं काही अडत नाही, हेही ठाऊक आहे.

आळंदीहून माउलींची पालखी निघते, देहूहून तुकोबांची. लाखो माणसं. कोणती दिंडी कुठे चालायची, मुक्काम कुठे, सगळं ठरलेलं. पोलिसांच्या आधीपासूनची ही शिस्त आहे. हीच माणसं तळेगाव चौकात गाडीवर बसली की एकमेकांच्या अंगावर गाडी घालतात. आम्हीसुद्धा घातली आहे, खोटं कशाला बोला.

नदीचं एक सांगतो आणि थांबतो. आपली इंद्रायणी आळंदीला पांढऱ्या फेसाने भरलेली तुम्ही पाहिली आहे. वरच्या अंगाच्या कारखान्यांचं आणि वस्त्यांचं सांडपाणी तिच्यात येतं. मुलं म्हणतात, जर्मनीत असं होणार नाही. अहो, झालं होतं! त्यांची मोठी नदी ऱ्हाईन. 1970 च्या सुमारास ती म्हणजे युरोपचं गटार झाली होती. 1986 साली वरच्या अंगाला, स्वित्झर्लंडच्या हद्दीत, रसायनांच्या गोदामाला आग लागली. विझवायचं पाणी नदीत गेलं, नदी लाल झाली, मासे मरून वर आले. लोक रस्त्यावर उतरले. पुढच्याच वर्षी काठावरच्या देशांनी मिळून नदी साफ करायचा कार्यक्रम आखला. कारखान्यांना पाणी धुऊनच सोडावं लागलं. सॅमन नावाचा मासा नदीतून नाहीसा झाला होता, तो परत आला. आमचे सहा महिने त्याच नदीच्या काठी गेले. पाणी निवळ होतं. तिथले कामगार सांगत, दहा वर्षांपूर्वी यात पाय घालवत नव्हता.

मावशी, मुलाला जाऊ द्यायचं की नाही, हे आम्ही कोण सांगणार? पण तो आपल्याला हलका समजून जात असेल, तर तेवढं त्याच्या मनातून काढा. पाटी घ्या. मी सांगतो ते लिहा, आणि घरी गेल्यावर एकेक त्याला विचारा.

पैसे मागणारा दलाल मध्ये आहे का? कामाचा करार समजेल त्या भाषेत हातात आला का? त्याचं आयटीआयचं प्रमाणपत्र तिथे मानतात का, हे कोणाकडून लिहून आणलं? जर्मन भाषा कितपत आली? नुसतं नमस्कार-चमत्कार नव्हे, कारखान्यातली धोक्याची पाटी वाचण्याइतकी? खोली कोण देणार, भाडं किती? आजारी पडला तर कोणाला फोन करायचा?

झालं? आता खाली एक प्रश्न तुमच्या मनाचा लिहा.

बघू. "परत कधि येणार." बरोबर आहे. फक्त कधीमधल्या 'ध'ला दुसरी वेलांटी द्या.