शृंगारपेटीतील रसायनशास्त्र
(पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



आपल्या काही मुली शाळेनंतर ब्यूटी पार्लरचा कोर्स करतात. "त्यात केमिस्ट्री कशाला? हात बसला की झाले," असे पालक म्हणतात. मी बी.ए., बी.एड.; रसायनशास्त्राचा पंडित नव्हे. तरीही विनंती करतो, तो धडा गाळू नका.

१९१९ साली याच मुंबईत ई. एस. पाटणवाला यांनी 'अफगाण स्नो' बाजारात आणला. असा स्नो बनतो कसा? स्टिअरिक आम्ल हे कार्बनचे संयुग, म्हणून सेंद्रिय. पाणी आणि पोटॅशसारखा अल्कली हे असेंद्रिय. आम्ल व अल्कली मिळून थोडा साबण तयार होतो आणि तो स्निग्ध पदार्थ व पाणी यांना एकत्र धरून ठेवतो. एका बाटलीत दोन्ही शाखा आल्या! मात्र 'सेंद्रिय' म्हणजे निर्धोक, असे मुळीच समजू नका.

आता आपल्या घरातली दोन उदाहरणे घ्या. पहिले सुरम्याचे. सुरमा लावणे आपण सुन्नत मानतो, म्हणून जपून बोलतो. हदीसमधील 'इस्मिद' म्हणजे अँटिमनीचे खनिज, असे अनेक जाणकार मानतात. परंतु बाजारातील सुरमा पुष्कळदा गॅलेना, म्हणजे शिसे व गंधक यांचे असेंद्रिय संयुग असतो. मूल डोळे चोळते, तीच बोटे तोंडात घालते. शिसे हाडांत साठते आणि वाढत्या मेंदूला अपाय करते. रंगासाठी शिशाची संयुगे वापरलेली प्रसाधने बनवण्यास आपल्या कायद्यानेही मनाई आहे.

दुसरे मेंदीचे. मेंदीच्या पानात लॉसोन हे सेंद्रिय रंगद्रव्य असते. ते त्वचेतील केराटिनला चिकटते. रंग आधी नारिंगी येतो, मग तांबूस-तपकिरी होतो. तासाभरात कुळकुळीत काळा होत नाही. चांदरातीला मोहम्मद अली रोडवर कोणी 'काळी मेंदी' देऊ लागला, तर तिच्यात बहुधा केसांच्या कलपातले पॅराफेनिलीनडायमाइन असते. तेही सेंद्रियच! त्याने काहींच्या हातावर फोड येतात. एकदा ॲलर्जी जडली, की पुढे साधा कलपही सोसत नाही. म्हणूनच अशा कलपाच्या खोक्यावर 'आधी चाचणी घ्या, भुवया-पापण्यांना लावू नका' अशी सूचना छापावी लागते. कानामागे थोडा कलप लावून ४८ तास वाट पाहावी, ही ती चाचणी.

पालकहो, ही सूचना वाचून गिऱ्हाइकाला "आज नाही, परवा या" असे सांगण्याची हिंमत मुलीत येते, ती रसायनशास्त्र समजल्यामुळे. त्या दिवशी चार पैसे कमी मिळतील. पण गिऱ्हाईक आपला चेहरा तिच्या हाती सोपवते, ती अमानत आहे.