स्वयंपाकघर, वही आणि छायाचित्र



ग्रंथालयाच्या शतकमहोत्सवात स्वयंपाकाचा विषय कशाला, असा प्रश्न एखाद्या ज्येष्ठ सभासदाच्या मनात आला तर त्यात वावगे काही नाही. काव्य, कादंबरी, इतिहास, तत्त्वज्ञान यांच्या पंक्तीत फोडणीला पाट कोण मांडून देणार? परंतु कोणत्याही जुन्या मराठी ग्रंथालयातील पाकशास्त्राचे कपाट उघडून पाहावे. तेथील पुस्तकांची बांधणी लवकर सैल झालेली दिसते आणि पानांच्या कडेला हळदीचे बोट उमटलेले असते. ग्रंथपालाच्या दृष्टीने तो गुन्हा खरा. पण पुस्तक वाचले गेल्याचा इतका निर्विवाद पुरावा दुसऱ्या कुठल्या विभागात सापडेल?

छापील मराठी पाकशास्त्राला दीर्घ परंपरा आहे. १८७५ साली रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ प्रसिद्ध झाले. १९१० साली लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया’ आले. (त्याच वर्षी बडोद्यास सयाजीराव महाराजांनी अमेरिकेतील ग्रंथपाल बॉर्डन यांच्या हाती संस्थानातील ग्रंथालयांची घडी बसवण्याचे काम सोपवले. हा केवळ योगायोग, पण गोड योगायोग.) पुढे १९७० साली कमलाबाई ओगले यांची ‘रुचिरा’ निघाली आणि वाटी-चमच्याच्या प्रमाणाने तिने माहेरापासून दूर संसार मांडणाऱ्या कितीतरी मुलींना धीर दिला.

या छापील ग्रंथांच्या मागे मात्र एक फार मोठे अप्रकाशित वाङ्मय उभे आहे. ते म्हणजे घरोघरच्या हस्तलिखित वह्या. बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर येथे नोकरी-चाकरीच्या निमित्ताने पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांत अशी एखादी वही असतेच. पुठ्ठा निघालेला, मधली पाने सुटलेली, एका बाजूस दुधाचा किंवा वाण्याचा हिशेब आणि दुसऱ्या बाजूस अनारसे. या वह्यांची भाषा अत्यंत काटकसरीची असते. ‘गूळ बेताचा’, ‘चिंच लिंबाएवढी’, ‘भाजणी खमंग होईतो’, ‘पाणी अदमासे’. लिहिणारीला सर्व ठाऊक होते. तिला फक्त आठवण हवी होती. वाचणारीला मात्र नेमके तेच ठाऊक नसते, जे लिहिलेले नाही.

मापांचा घोटाळा तर याहून गहन. जुन्या वहीत ‘शेरभर’ म्हटले की ऐंशी तोळ्यांचा, म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅमचा पक्का शेर धरावा, असे सहज वाटते. पण शेर गावोगाव निराळा होता, आणि महाराष्ट्रात वजनी शेराखेरीज धान्य मोजण्याचा मापी शेरही होता, ज्याच्या चारांची पायली होई. देशावरून बडोद्यास आलेल्या सुनेने माहेरच्या शेराने लिहिले आणि सासरच्या बाजारातील शेराने आणले, तर चकली कडक होणारच! १९५६ च्या कायद्यानंतर, १९५८ पासून टप्प्याटप्प्याने किलो-ग्रॅम आले आणि बाजारातला हा गोंधळ संपला. वहीतला संपला नाही.

आता कॅमेऱ्याकडे वळू. खाद्यपदार्थांचे छायाचित्रण ही आजकालची टूम आहे असा समज आहे. तो खरा नाही. छायाचित्रणाच्या आरंभकाळातील नमुन्यांत निसेफोर न्येप्सच्या नावावर सांगितले जाणारे एक चित्र मांडलेल्या जेवणाच्या टेबलाचे आहे. टॅल्बटने १८४४ ते १८४६ या काळात प्रसिद्ध केलेल्या ‘द पेन्सिल ऑफ नेचर’ या ग्रंथातील चोविसावे, म्हणजे शेवटचे चित्र फळांच्या टोपल्यांचे आहे. फळे हलत नाहीत, तक्रार करीत नाहीत. त्या काळच्या दीर्घ प्रकाशनाला ती सोयीची होती.

आपल्याकडच्या मध्यमवर्गीय घरात कॅमेरा आला तो बऱ्याच उशिरा, आणि त्याच्या इतिहासात बडोद्याला मानाचे पान आहे. ‘अॅग्फा क्लिक थ्री’ हा भारतभर हौशी मंडळींच्या गळ्यात दिसणारा साधासुधा कॅमेरा बडोद्याच्या न्यू इंडिया इंडस्ट्रीजने तयार केला. एका फिल्मवर बारा चौकोनी चित्रे. मुंज, बारसे, सहल, गणपती या सर्वांची वाटणी त्या बारांत. शिवाय त्याचे भिंग एकाच अंतरासाठी बसवलेले असल्याने काही फुटांच्या आत गेले की चित्र पुसट येई. ताटाजवळ तो कॅमेरा जाऊच शकत नव्हता. म्हणून जुन्या अल्बममध्ये पंगती दिसतात, पण जिलबी दिसत नाही. पाट, रांगोळी, उदबत्तीचे घर, उघड्या अंगाने बसलेले पाहुणे, सारे आहे. अन्न म्हणजे पानावरचे काही पांढरे-करडे ठिपके. आणि जिने ते रांधले ती बहुधा चित्राच्या बाहेर. फार तर चौकटीच्या कडेने आत आलेला एक हात, तुपाचे भांडे धरलेला. त्या हातातील बांगड्यांवरून ती कोण हे घरातल्या कोणीतरी ओळखायचे. ओळखणारी माणसे गेली की तो नुसता हात उरतो.

आज परिस्थिती अगदी उलट झाली आहे. प्रत्येकाच्या खिशातील मोबाइलचा कॅमेरा ताटाच्या वीतभर अंतरावर जातो आणि चित्रांना मोजदाद नाही. हौसही उदंड आहे. नैवेद्य देवाला दाखवण्याआधी कॅमेऱ्याला दाखवला जातो, यावर घरातील वडीलधारी मंडळी कुरकुरतात. त्यांची कुरकुर निराधार नाही. अन्न झाकून न्यावे, कोणाची दृष्ट लागू देऊ नये, हे संस्कार ज्यांच्या अंगी मुरले त्यांना वाफाळत्या वरणभाताला चित्रासाठी ताटकळत ठेवणे रुचणार कसे? तरीही या छंदाला नावे ठेवून गप्प बसणे बरोबर नाही. रोजच्या, घरगुती, कोणत्याही समारंभाविना केलेल्या स्वयंपाकाकडे कोणी निरखून पाहण्याची ही बहुधा पहिलीच वेळ आहे.

तक्रार आहे ती वेगळी. चित्र घेतले जाते ते सजवलेल्या ताटाचे, म्हणजे ज्या क्षणी स्वयंपाकातील शिकण्यासारखे सर्व काही घडून गेलेले असते त्या क्षणाचे. अनारशाचेच पाहा. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचे, कपड्यावर सावलीत पसरून किंचित ओलसर असतानाच कुटायचे, चाळायचे, गूळ मिसळून गोळा काही दिवस मुरू द्यायचा. मग खसखशीवर थापून, खसखशीची बाजू वर ठेवून मंद आचेवर तळायचा, आणि उलटायचा नाही. यातील प्रत्येक पायरीवर चूक होऊ शकते. ‘किंचित ओलसर’ म्हणजे किती? मुठीत दाबलेल्या पिठाचे एक छायाचित्र, बोटांचे ठसे धरून राहिलेले, याचे उत्तर देईल. शब्द देऊ शकत नाहीत. आणि गूळ जास्त झाला की अनारसा तुपात पसरून विरघळतो. त्याला घराघरात ‘अनारसा हसला’ असे म्हणतात. हसलेल्या अनारशाचे चित्र मात्र कोणी घेत नाही. नेटक्या जाळीदार अनारशांची शंभर चित्रे पाहून जे कळत नाही ते त्या एका फजितीच्या चित्रातून कळले असते.

पुरणाचेही तसेच. पुरण शिजले हे कशावरून? त्यात उभा केलेला कालथा पडत नाही यावरून. ही खूण जणू छायाचित्रासाठीच घडवलेली आहे. पाकाची एकतारी अंगठा आणि तर्जनीच्या मध्ये क्षणभर दिसते आणि तुटते. खिडकीकडून तिरपा येणारा उजेड आणि मागे काळोखी भिंत असेल तर ती तार चित्रात स्पष्ट उतरते. वाफही अशाच उजेडात दिसते. समोरून पाडलेल्या झगझगीत प्रकाशात तूप पांढरे पडते आणि स्टीलचे ताट आरसा होते. लाडवासाठी भाजलेल्या बेसनाचा रंग दाखवायचा असेल तर आणखी एक काळजी घ्यावी लागते. हल्लीचे कॅमेरे रंग आपणहून दुरुस्त करतात आणि पिवळेपण खाऊन टाकतात. म्हणून भाजलेल्या बेसनाशेजारी पांढऱ्या बशीत चिमूटभर कच्चे बेसन ठेवावे. दोन्ही एका चित्रात आली की फरक लपत नाही. चिंचेच्या गोळ्याशेजारी एक रुपयाचे नाणे ठेवले की ‘लिंबाएवढी’चा वादही मिटतो.

ताटाचे चित्र घेणाऱ्यांनीही एक पथ्य पाळावे. मराठी पानाला स्वतःचे व्याकरण आहे. मीठ वरच्या बाजूस मध्यभागी, लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचे डावीकडे, भाज्या उजवीकडे, मधोमध भात, वरण, तूप. पान केळीचे असेल तर त्याचे टोक जेवणाऱ्याच्या डाव्या हाताला. पूर्वी निगेटिव्ह उलटी ठेवून छापली गेली की जानवे उजव्या खांद्यावर जाई; आता आरशासारखे उलटे चित्र देणाऱ्या सोयीने चटणी भाज्यांच्या जागी जाऊन बसते. पाहणाऱ्या आजीच्या ते तत्काळ लक्षात येते, नातवाच्या येत नाही.

हे सर्व महाराष्ट्राबाहेरील मराठी घरांच्या बाबतीत अधिक निकडीचे आहे. येथील स्वयंपाक कोणत्याच छापील पुस्तकात पूर्णपणे सापडत नाही. बडोद्यात उसळीवर झणझणीत तरी आणि मूठभर शेव पडली आणि शेव-उसळ झाली. इंदुरात पोह्यांना जिरावण लागले. बेळगावकरांच्या फराळाच्या ताटात कुंदा आला. घरातल्या आमटीत गूळ किती चढला, ढोकळ्याशेजारी अळूवडी कधी बसली, कोणत्या सुनेने कोणत्या गावाहून काय आणले, याची नोंद फक्त हातांत आहे. पुढची पिढी घरी गुजराती-हिंदी मिसळलेले मराठी बोलते, वहीतील अक्षर तिला लागत नाही, आणि परदेशातून दिवाळीच्या आधी फोन येतो तेव्हा पलीकडून विचारले जाते ते एवढेच: पीठ किती ओलं ठेवायचं? जोवर फोन उचलणारी आहे तोवर उत्तर मिळते.

ग्रंथालयाने या कामी पुढाकार घ्यावा. वह्या मागून घेऊ नयेत. वही घराबाहेर काढायला कोणी सहसा तयार होत नाही, आणि ते योग्यच आहे. पानांची छायाचित्रे घ्यावीत, अवघड अक्षर जाणकारांकडून लावून घ्यावे, शेर कोणत्या गावचा हे समासात नोंदवावे. छायाचित्रणाची हौस असलेल्या तरुण सभासदांनी एखादी दुपार अशा एका स्वयंपाकघरात काढावी आणि ताट वाढून होण्याआधीची चित्रे घ्यावीत. मोदकाच्या कळ्या काढणारी बोटे आणि ज्यांची ती बोटे आहेत त्यांचा चेहरा, दोन्ही चौकटीत यावीत.

आरंभ वाटीपासून करता येईल. प्रत्येक घरात मापाची एक ठरलेली वाटी असते. बहुधा पितळेची, किंवा लग्नात आलेल्या स्टीलच्या संचातली, कड जराशी चेपलेली. वहीतील ‘एक वाटी’ म्हणजे तीच, दुसरी नव्हे. ती पाण्याने काठोकाठ भरावी, ते पाणी मापात ओतून किती मिलिलिटर भरते ते लिहावे, आणि वहीच्या पहिल्या पानावर ठेवून तिचे एक चित्र घ्यावे. पाच मिनिटांचे काम आहे. कितीतरी घरांतून ती वाटी अजून फडताळात आहे.