संगणक आपला, पण शेवटचा शब्द कुणाचा?

(तरुण कार्यकर्ते आणि विद्यार्थ्यांसमोर केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



मित्र-मैत्रिणींनो, मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, पण आज नोकरीबद्दल किंवा कोर्सबद्दल बोलणार नाही. एकाच प्रश्नावर बोलायचं आहे. तुमच्या घरात जो लॅपटॉप आहे, त्याचं बिल तुमच्या किंवा अब्बांच्या नावावर आहे. हप्ते तुम्हीच फेडलेत. मग त्याच्यावर काय चालायचं, काय बंद व्हायचं, कुठली माहिती बाहेर जायची, याचा शेवटचा निर्णय कोण घेतं?

14 ऑक्टोबर 2025 ही तारीख घ्या. त्या दिवशी मायक्रोसॉफ्टने विंडोज 10 चा नियमित आधार थांबवला. काही अटींवर वर्षभराची सुरक्षा-मुदत मिळते, पण ती मुदतच आहे. विंडोज 11 वर जायचं तर मदरबोर्डवर टीपीएम 2.0 नावाची सुरक्षेची सोय हवी आणि प्रोसेसर ठरावीक यादीतला हवा. साधारण 2018 च्या आधीचे बहुतेक लॅपटॉप त्या यादीत बसत नाहीत. आपल्यातले कितीतरी विद्यार्थी लॅमिंग्टन रोडवरून किंवा ओळखीच्या दुकानातून ऑफिसने काढून टाकलेला सेकंडहँड लॅपटॉप घेतात. नेमका हाच माल यादीबाहेर आहे. कीबोर्ड चालतो, स्क्रीन ठीक आहे, आठ जीबी रॅम आहे. यंत्र म्हातारं झालेलं नाही, ते निवृत्त केलं गेलंय. आणि ते निवृत्त करणारा तुमच्या घरातला नाही.

आता कुणी म्हणेल, कंपनीने दहा वर्षं सांभाळलं, आणखी किती सांभाळायचं? बरोबर आहे. कंपनीने जन्मभर सेवा द्यावी असं माझं म्हणणं नाही. माझी तक्रार वेगळी आहे. कंपनीने हात काढून घेतल्यावर ते काम दुसऱ्या कुणालाही पुढे नेता येत नाही. विंडोजचा सोर्स कोड, म्हणजे त्याची मूळ पाककृती, बंद आहे. जुन्या स्कूटरचा कारखाना बंद पडला तरी गल्लीतला मेकॅनिक तिला चालू ठेवतो, कारण इंजिन उघडता येतं. इथे बॉनेटलाच कुलूप आहे आणि किल्ली विक्रेत्याकडे आहे.

या कुलपाचे परिणाम कुठपर्यंत जातात, याची दोन उदाहरणं सांगतो.

पहिलं 2009 चं. अमेरिकेत लोकांनी अॅमेझॉनच्या किंडलवर जॉर्ज ऑर्वेलचं ‘1984’ विकत घेतलं होतं. ज्याने ते दुकानात ठेवलं, त्याच्याकडे हक्क नव्हते, असं नंतर लक्षात आलं. अॅमेझॉनने लोकांच्या किंडलमधून ते पुस्तक दुरूनच पुसून टाकलं आणि पैसे परत केले. छापील पुस्तकाच्या बाबतीत दुकानदार रात्री घरात शिरून कपाटातलं पुस्तक काढून नेईल का, पैसे टेबलावर ठेवून का होईना? कंपनीच्या प्रमुखांनी नंतर माफी मागितली. पण माफीमुळे ती सोय काही नाहीशी झाली नाही.

दुसरं आपल्या मुंबईचं. नायरा एनर्जी ही तेलशुद्धीकरण कंपनी. मुख्यालय मुंबईत, रिफायनरी गुजरातमध्ये वाडीनारला, आणि मोठा हिस्सा रशियन कंपनीकडे. जुलै 2025 मध्ये युरोपियन युनियनने तिच्यावर निर्बंध घातले. काही दिवसांत मायक्रोसॉफ्टने तिच्या ईमेलसारख्या सेवा थांबवल्या. आपल्याकडे पैसे भरलेले परवाने आहेत, असं सांगत कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली, आणि त्या महिन्याच्या अखेरीस सेवा पुन्हा सुरू झाल्या. निर्बंध योग्य होते की अयोग्य, हा वाद बाजूला ठेवा. भारतात भारतीय कायद्याने चालणाऱ्या कंपनीचं टपाल परदेशातल्या निर्णयामुळे बंद पडतं, एवढं ध्यानात घ्या. त्यांच्याकडे वकिलांची फौज होती. आपल्या वाचनालयाकडे, संस्थेकडे, शाळेकडे काय आहे?

हा प्रश्न नवा नाही. 1983 मध्ये अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन या प्रोग्रॅमरने जीएनयू प्रकल्प जाहीर केला. सॉफ्टवेअर वापरणाऱ्याला चार हक्क असले पाहिजेत, अशी त्याची मांडणी आहे. कोणत्याही कामासाठी ते चालवण्याचा. आतलं वाचून हवा तो बदल करण्याचा. त्याची प्रत दुसऱ्याला देण्याचा. आणि आपण सुधारलेली प्रतही वाटण्याचा. 1991 मध्ये फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्स हा सिस्टिमचा गाभा लिहायला घेतला, आणि पुढच्या वर्षी तो जीएनयूच्या परवान्याखाली खुला केला. या दोन्हीच्या जोडणीतून आज आपण ज्याला सैलपणे ‘लिनक्स’ म्हणतो ते उभं राहिलं. ‘ओपन सोर्स’ हा शब्द 1998 चा.

इंग्रजीत याला ‘फ्री’ म्हणतात आणि तिथेच घोळ होतो. आपल्याकडे शब्दांची अडचण नाही. मराठीत फुकट वेगळं आणि मुक्त वेगळं. उर्दूत मुफ़्त वेगळं, आज़ाद वेगळं. फेसबुक फुकट आहे, मुक्त नाही. विंडोजची क्रॅक केलेली कॉपी फुकट आहे, मुक्त नाही. आपल्या बऱ्याच संगणकांवर दुकानदाराने ‘टाकून दिलेली’ अशीच कॉपी असते, हे आपल्याला माहीत आहे. त्यात आपण कायदाही मोडतो आणि परावलंबनही सोडत नाही. त्या क्रॅकसोबत आणखी काय आत आलं, हे ना तुम्हाला माहीत, ना दुकानदाराला. मुक्त सॉफ्टवेअरची प्रत मात्र दहा मित्रांना उजळ माथ्याने देता येते.

तसंच देशी म्हणजे मुक्त असंही नाही. सध्या स्वदेशी अॅपची चर्चा आहे. चांगलं आहे, पण कोड बंद असेल आणि डेटा त्यांच्याच सर्व्हरवर असेल, तर कुलूप तेच राहतं, फक्त किल्लीवाला जवळचा होतो. उलट अँड्रॉइडचा गाभा लिनक्सच आहे, तरी फोनमधली काही अॅप तुम्हाला काढता येत नाहीत. म्हणून पाटी वाचून थांबू नका, शेवटचा ‘नाही’ म्हणायचा हक्क कुणाकडे आहे ते बघा.

आपल्या भाषांनी या कुलपाची किंमत आधीच मोजलेली आहे. युनिकोड रुळण्याआधी मराठी मजकूर ठरावीक कंपन्यांच्या फॉन्टमध्ये टाइप व्हायचा. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसायची. कितीतरी अंक, स्मरणिका, जुने अर्ज अजून तसेच अडकलेले आहेत. उर्दूतही तेच. इनपेजने नस्तालीक साध्या संगणकावर आणलं, हे त्याचं मोठं काम आहे. पण त्याच्या फाइली इतरत्र नीट उघडत नाहीत. लेखक आपला, भाषा आपली, आणि वाचायला परवानगी मात्र एका प्रोग्रॅमची. यातून बाहेर काढलं ते युनिकोडसारख्या खुल्या मानकाने आणि खुल्या फॉन्टने. लोहित फॉन्ट पुण्यात बसलेल्या इंजिनिअरांनी सांभाळले. मुक्त हा देवनागरी फॉन्ट मुंबईच्या एक टाइपने केला. नस्तालीकसाठी नोटो नस्तालीक आहे. हे सगळे कुणालाही वापरता येतात.

आता प्रत्यक्ष काय करायचं? एका रात्रीत विंडोज पुसू नका. आधी प्रोग्रॅम बदला, मग सिस्टिम.

पहिली पायरी विंडोजवर राहूनच घ्यायची. तुम्ही व्हीएलसी वापरताच, तेही मुक्त सॉफ्टवेअर आहे. पॅरिसमधल्या विद्यार्थ्यांनी ते सुरू केलं होतं. तसंच वर्ड-एक्सेलच्या जागी लिबरऑफिस, ब्राउझर म्हणून फायरफॉक्स, फोटोसाठी गिंप, पोस्टर आणि लोगोसाठी इंकस्केप घ्या. महिनाभर त्यांच्यावरच काम करा. अडतं कुठे, ते वहीत लिहा.

दुसरी पायरी, सगळ्या फाइलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि ती उघडते का ते तपासा. लॅपटॉपवर बिटलॉकर सुरू असेल तर त्याची रिकव्हरी की लिहून ठेवा. ही पायरी कुणीही गाळू नये.

तिसरी पायरी पेन ड्राइव्हची. आठ जीबीचा पेन ड्राइव्ह पुरतो. त्यावर लिनक्स मिंट घ्या, चार जीबी रॅमच्या लॅपटॉपवर ते नीट चालतं. रॅम त्याहून कमी असेल तर त्याची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती घ्या. काहीही न पुसता पेन ड्राइव्हवरून संगणक सुरू करता येतो. वायफाय लागतं का, आवाज येतो का, कॅमेरा, प्रिंटर चालतो का, ते बघा. मराठी आणि उर्दू कीबोर्ड सेटिंगमधून जोडा. सगळं जमलं तरच पुढे जा. सुरुवातीला विंडोजच्या शेजारी ठेवा, नंतर हवं तर एकटं ठेवा.

अडचणीही सांगतो, नाहीतर तुम्ही आठवड्यात परत याल आणि मला शिव्या द्याल. टॅली, ऑटोकॅड आणि फोटोशॉप यांची लिनक्ससाठी आवृत्ती नाही. काही ऑनलाइन परीक्षांची सॉफ्टवेअरं आणि काही गेम चालत नाहीत. ज्याची रोजीरोटी टॅलीवर आहे, त्याने विंडोज ठेवावं, त्यात काही कमीपणा नाही. लिबरऑफिसमध्ये उघडलेल्या वर्ड फाइलची मांडणी कधी कधी हलते. बाहेर पाठवताना पीडीएफ करा.

आणि उघडं म्हणजे आपोआप सुरक्षित, असंही समजू नका. मार्च 2024 मध्ये एक्सझेड नावाच्या छोट्या साधनात कुणीतरी चोरदरवाजा पेरल्याचं उघड झालं. त्याने दोनेक वर्षं मदतनीस बनून विश्वास कमावला होता. आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरला लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं वाटलं, म्हणून त्याने आत शिरून पाहिलं आणि ते सापडलं. गंमत म्हणजे तो मायक्रोसॉफ्टमध्येच काम करतो. कोड उघडा होता म्हणून पाहता आलं, आणि पाहणारा माणूस होता म्हणून सापडलं. दोन्ही गोष्टी लागतात.

म्हणून हे एकट्याने करायचं काम नाही. केरळच्या सरकारी शाळांमध्ये मुलं गेली कित्येक वर्षं मुक्त सॉफ्टवेअरवर, मल्याळममधून संगणक शिकतात. सरकारने शिक्षकांना प्रशिक्षण दिलं, स्वतःची लिनक्स आवृत्ती तयार ठेवली, म्हणून ते टिकलं. आपल्याकडे एमएस-सीआयटीतलं ‘एमएस’ म्हणजे मायक्रोसॉफ्ट, असं अनेकांना वाटतं. ते महाराष्ट्र स्टेट आहे. तो गैरसमज उगाच होत नाही. संगणक शिकणं म्हणजे एका कंपनीची बटणं पाठ करणं, असंच आपल्या मनात बसलंय. फाइल, फोल्डर, फॉर्म्युला या गोष्टी समजल्या तर बटणं कुठलीही असोत.

सुरुवात छोटी करा. तुमच्या मोहल्ल्यात एखादं वाचनालय असेल, अभ्यासिका असेल, तिथे एक रविवार ठरवा. पडून असलेले दोन-तीन जुने लॅपटॉप आणा. लिनक्स जाणणारा एक जण पुरे. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे लिनक्स आणि लिबरऑफिसवरचे छोटे व्हिडिओ मोफत आहेत, बरेच मराठीतही आहेत. ते लावा आणि सोबत बसून करा. मुलींना आधी बसवा, कारण घरातल्या एकुलत्या लॅपटॉपवर त्यांचा नंबर बहुधा शेवटी लागतो. जिला सिस्टिम बसवता येते, तिला ती बिघडल्यावर भावाची किंवा दुकानदाराची वाट पाहावी लागत नाही.

पेन ड्राइव्ह माझ्याकडे आहेत. ज्यांनी लॅपटॉप आणलेत त्यांनी पुढच्या टेबलावर यावं, फक्त आधी फाइलींची प्रत घेतली आहे का ते सांगा.