भांड्यांचं कपाट आपल्या हातानं

(प्रभागसंघाच्या बिडकीन येथील मेळाव्यात एका गटाच्या सचिव ताईंनी केलेलं भाषण. त्या बोलल्या तसंच ठेवलं आहे.)



मला सांगितलं, दहा मिनिटं बोला, गटानं यंदा नवीन काय केलं ते सांगा. माझ्या आधी कुणी शेळ्यांचं सांगितलं, कुणी मसाल्याचं. आमच्या गटानं एक लाकडी कपाट केलं. हसा, हसा, आमच्या घरीपण हसले. पण ऐकून तर घ्या.

आपल्या बिडकीनला एमआयडीसी आली, ऑरिक आलं, जमिनी गेल्या, मोबदला आला. घरोघर स्लॅब पडले. आणि स्लॅब पडला की पहिलं काय बाहेर जातं? माळवदावरचं जुनं. आमच्या घरातलं तांब्याचं घंगाळ असंच गेलं. भंगारवाल्यानं ते काट्यावर मावेना म्हणून माझ्यासमोर हातोडीनं चेपलं. चेपताना काठावर कोरलेलं नाव दिसलं. सासूबाईंच्या मामांनी लग्नात दिलेलं, त्यांचं नाव आणि खाली सासूबाईंचं माहेरचं. सासूबाई ओट्यावर बसून बघत होत्या, एक शब्द बोलल्या नाहीत. त्या पैशात मिक्सर आला. मिक्सर चांगला चालतो, खोटं कशाला बोलू. पण सासूबाईंचं नाव ना सातबाऱ्यावर होतं, ना घराच्या उताऱ्यावर. ते एका घंगाळावर होतं, तेही मी किलोवर दिलं.

हे मी गटाच्या बैठकीत बोलले तर एकेकीनं आपापलं सांगायला सुरुवात केली. मग ठरलं, प्रत्येकीनं घरातली एक तरी वस्तू आणायची. विकायची नाही, मोडायची नाही, फक्त ठेवायची. बघता बघता ४३ वस्तू झाल्या. अडकित्ते, समया, पितळी डबे, सोऱ्या, पानपुडा, वज्री, शेराचं माप, तिफणीचं चाडं, एक बैलाची घुंगुरमाळ. पोत्यात भरून गटाच्या खोलीत ठेवल्या. पहिल्याच पावसाळ्यात विळ्यांना गंज चढला आणि घुंगुरमाळेचा पट्टा उंदरांनी खाल्ला. तेव्हा कळलं, जमा करणं सोपं आहे, ठेवणं अवघड.

लोखंडी कपाटात ठेवलं तर दिसत नाही. तयार शोकेसचा भाव आपल्याला झेपणारा नव्हता. मग गावातल्या म्हाताऱ्या सुतारकाकांना गाठलं. ते म्हणाले, मला आता रंधा ओढवत नाही, पण तुम्ही ओढा, मी बाजूला बसतो. ज्यांनी आयुष्यभर गावाच्या तिफणी भरल्या, त्यांच्या हातातल्या करवतीला आम्हा बायांचा हात लागला तो असा. पहिल्या रविवारी आठजणी होतो, दुसऱ्या रविवारी तीन. हेपण सांगते, नाहीतर वाटेल सगळं गोडीगुलाबीनं झालं.

लाकूड कुठलं? सागवान उत्तम, त्याच्या गाभ्याला वाळवी सहसा लागत नाही, पण भाव ऐकून परत आलो. बाभळीचं लाकूड चिवट, आपल्या बैलगाड्या त्याच्यावरच चालल्या, पण ते ओलं असताना कापलं तर वाळताना पिळतं. शेवटी कंपन्यांच्या मशीन ज्या खोक्यांत येतात त्या खोक्यांच्या फळ्या घेतल्या. पाईनचं मऊ लाकूड, शिकणाऱ्या हाताला बरं. एक गोष्ट मात्र नीट बघा. परदेशातून आलेल्या खोक्यावर शिक्का असतो. त्यात एचटी ही इंग्रजी अक्षरं असली तर ते लाकूड नुसतं तापवून किडमुक्त केलेलं असतं. एमबी असलं तर त्याला विषारी धुरी दिलेली असते, ते घरात आणू नका, चुलीत तर मुळीच घालू नका. आणि खिळे काढल्यावर जुन्या स्पीकरचं लोहचुंबक फळीवरून फिरवा. आत तुटून राहिलेला एक खिळा रंध्याच्या पात्याला खाच पाडतो. आमच्या पात्याला पडली, म्हणून सांगते.

आता आमची मोठी चूक. आम्ही कपाट आधी केलं आणि वस्तू नंतर मापल्या. चार फूट लांब, अर्धा इंच जाडीच्या फळ्या टाकल्या, मधे टेकू नाही. पितळी डबे आणि माप ठेवलं तर पंधरा दिवसांत फळी झोळीसारखी लोंबली. काका हसून म्हणाले, ताई, हे तर पाळणा झालं. फळीचं गणित असं आहे की वजन तेवढंच ठेवून लांबी दुप्पट केली तर वाकणं दुपटीनं वाढत नाही, आठपटीनं वाढतं. जाडी दुप्पट केली तर तेच आठपटीनं कमी होतं. म्हणून दुसऱ्या वेळी दोन फुटांचे खण केले, मधे उभी फळी घातली, पाऊण इंच जाडी घेतली आणि प्रत्येक फळीच्या पुढच्या कडेला दीड इंचाची उभी पट्टी फेविकॉल आणि स्क्रूनं बसवली. ती पट्टी दिसायला शोभा वाटते, पण वजन धरते ती. जड वस्तू खालच्या खणात, अडकित्ते आणि वज्री डोळ्यासमोर. डोळ्यासमोर म्हणजे आपल्या, पुरुषांच्या नाही. काकांनी त्यांच्या उंचीनं खूण केली होती, आम्ही ती पाच इंच खाली घेतली.

दार बसवताना लाकडाला फुगायला जागा ठेवा. उन्हाळ्यात घट्ट बसवलेलं दार श्रावणात उघडत नाही. रुपयाच्या नाण्याच्या जाडीची फट पुरते. कपाट भिंतीला चिकटवू नका, ओल येते, चार बोटं अंतर सोडा. पाय थेट जमिनीवर नकोत, खाली फरशीचे तुकडे द्या आणि आठवड्याला वाकून बघा. वाळवी मातीची वाट करूनच वर येते, ती वाट दिसली की लगेच मोडता येते.

आता पॉलिश. घाई सगळी इथंच होते. आधी ८० नंबरचा पॉलिश पेपर, मग १२०, मग २२०, आणि घासायचं लाकडाच्या रेषांच्या दिशेनं. आडवं घासलं की ओरखडे तेव्हा दिसत नाहीत, पॉलिश चढल्यावर मांजरानं नखं मारल्यासारखे दिसतात. खिळ्यांच्या भोकांत लांबी भरली. बाहेरून अळशीचं बेलतेल लावलं, पातळ हात, दोन दिवस सोडून पुन्हा, असे तीन. आतून मात्र तेल नाही, चपडा लाख स्पिरिटमध्ये रात्रभर विरघळवून कापडाच्या बोळ्यानं फिरवली. हे सगळं चुलीपासून, दिव्यापासून लांब करा, स्पिरिट भडकतं. आणि बेलतेलाचे बोळे कधीही गोळा करून कोपऱ्यात फेकू नका. तेल वाळताना तापतं आणि चुरगळलेलं कापड काडी न लावता आपोआप पेटतं. आमच्यात एकीला हे पटेना, म्हणून पुन्हा सांगते, आपोआप पेटतं. बोळे पाण्यात बुडवा किंवा एकेक पसरून उन्हात वाळवा.

पॉलिश झालं की लगेच मांडायची हौस येते. आम्हाला आली होती. पहिल्या कपाटात दुसऱ्याच दिवशी वस्तू ठेवून काच लावली आणि महिन्याभरात पितळ काळवंडलं. नवीन लाकूड, प्लायवूड, पॉलिश यातून वाफ निघत राहते, ती बंद काचेआड धातूला खाते. या वेळी दारं उघडी ठेवून सहा आठवडे थांबलो. नाक आत घालून वास येईनासा झाला तेव्हा मांडलं. काळवंडलेलं पितळ चिंचेनं घासायला एकजण निघाली होती, तिला थांबवलं. वर्षानुवर्षं चिंच लावून कोरलेली नावं पुसट होतात. कोरड्या मऊ कापडानं पुसायचं, बस. लोखंडी विळ्यांना किंचित तेलाचा हात.

मग भांडण. ४३ वस्तू, जागा २५ ची, आणि प्रत्येकीला आपली पुढं हवी. तेव्हा मी पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयाचं सांगितलं. दिनकर केळकरांनी १९२० च्या सुमारास वस्तू जमवायला सुरुवात केली, दिवे, अडकित्ते, वज्री, कुलपं, आपल्याच घरातल्यासारख्या. लहानपणी गेलेल्या मुलाचं, राजाचं नाव संग्रहाला दिलं आणि पुढं सगळं सरकारला देऊन टाकलं. आज तिथं २० हजारांवर वस्तू आहेत, मांडलेल्या अडीच हजारांच्या आसपास. म्हणजे एवढ्या मोठ्या ठिकाणीपण बहुतेक वस्तू आतच असतात. आणि लांब कशाला, आपल्या पैठणला बाळासाहेब पाटलांनी सातवाहनांच्या काळातले मणी, नाणी, मातीच्या मूर्ती जमवल्या, त्यांच्या नावाचं सरकारी संग्रहालय आहे. पैठणला जातोच आपण, तिथंपण एकदा वळा. वस्तू कशा ठेवल्यात, चिठ्ठी कुठं लावलीय, ते बघा.

तर ठरलं, दर तीन महिन्यांनी बदल. आतल्या वस्तू सुती कापडात गुंडाळून लाकडी पेटीत. प्रत्येक वस्तूला दोऱ्यानं चिठ्ठी, गोंदानं नाही. चिठ्ठीवर वस्तूचं नाव, कशाला वापरायची, कुठल्या गावाहून आली आणि कुणाची. ‘कुणाची’ या रकान्यावरून एक बैठक गेली. बहुतेकींनी सासऱ्याचं, नवऱ्याचं नाव सांगितलं. शेवटी असं लिहिलं, जिनं वापरली तिचं. काहींना आजेसासूचं नावच माहीत नव्हतं. एकीनं त्यासाठी शेवगावपर्यंत फोन लावले आणि नाव काढलं.

खर्च लाकूड, काच, बिजागऱ्या, पॉलिश धरून सहा हजारांच्या आत बसला. गटातून अंतर्गत कर्ज घेतलं होतं, चार हप्ते फिटलेत, दोन राहिलेत. काकांनी मजुरी घेतली नाही, पण आम्ही त्यांना रंध्याचं नवं पातं आणून दिलं, खाच आमचीच होती.

माझ्या सासूबाईंचं घंगाळ त्या कपाटात नाही. एका खणात नुसती चिठ्ठी आहे, वस्तू नाही. त्यावर त्यांचं नाव आणि त्यांच्या मामांचं नाव त्यांनी सांगितलं तसं लिहिलंय. त्या येऊन बघून गेल्या. म्हणाल्या, मामांच्या नावातला एक काना चुकलाय. तो दुरुस्त केला.

कपाट आमच्या गटाच्या खोलीत आहे, शनिवारी दुपारी उघडं असतं. ज्यांना आपल्या गटात करायचंय त्यांनी माप घ्यायला टेप आणि वस्तूंची यादी सोबत आणा, रिकाम्या हातानं येऊ नका. करवत आमची देऊ. पातं मात्र जपून.