ड्रमला कट मारायचा की नवा टाकायचा?

आजचा भाग पिकअपवाल्यांसाठी. स्वारगेटहून मार्केट यार्डाकडे वळणाऱ्या गाड्या बघा. पुरंदरचं अंजीर, सीताफळ येतं दिवे घाट उतरून. वाई-साताऱ्याकडचा माल येतो खंबाटकीचा बोगदा, मग कात्रजचा नवा बोगदा आणि तिथून नवले पुलाचा उतार. म्हणजे या दोन्ही बाजूंनी गाडी भरलेली असते, आणि रस्ता उताराचा.

आता थोडं गणित. मालासकट तीन टनांची गाडी १०० मीटर खाली आली, की साधारण २९ लाख ज्यूल ऊर्जा कुठंतरी जिरवावी लागते. नऊ लिटर गार पाण्याला उकळी येईल एवढी ही उष्णता. गाडी गिअरमध्ये असेल तर इंजिन त्यातला मोठा वाटा घेतं. न्यूट्रल टाकलं की जवळजवळ सगळा भार ब्रेकवर. नवले पुलावर २० नोव्हेंबर २०२२ ला एका अवजड गाडीनं ओळीनं गाड्या ठोकरल्या. त्या गाडीचं इंजिन उतारावर बंद ठेवलं होतं, असं सुरुवातीच्या तपासात पुढं आलं. दोन-चार रुपयांचं डिझेल वाचवायला ही पद्धत अजून चालू आहे.

बहुतेक पिकअपना पुढं डिस्क आणि मागं ड्रम असतो. ड्रम बिडाचा. तापला की फुगतो. २८० मिलिमीटरचा ड्रम २०० अंशांनी तापला, तर व्यास अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जास्त वाढतो. लायनर आत आणि ड्रम लांब, म्हणून घाटात पेडल खाली जातं. झिजून पातळ झालेला ड्रम लवकर तापतो, म्हणजे हाच त्रास आणखी लवकर.

मग मला रोज विचारतात, "मिस्त्री, कट मारून चालेल का?" चालेल, पण आधी मोजा. ड्रमवर कमाल व्यासाचा आकडा ओतलेला असतो, नसेल तर गाडीच्या मॅन्युअलमध्ये मिळतो. आतला व्यास चार ठिकाणी मोजायचा. फरक आला तर ड्रम ओव्हल झालाय. बारीक रेघा किंवा थोडा ओव्हलपणा असेल तर लेथवर निघतो. पण तो कमाल आकडा झिजेची शेवटची हद्द आहे. कट मारूनच तुम्ही तिथं पोचलात तर पुढं झिजायला काय उरलं? अशा ड्रमवर लेथचे पैसे घालू नका.

दोन गोष्टी दिसल्या तर लेथचा विचारच नको. एक, तडा. हातोडीनं हलकं वाजवा, चांगला ड्रम घणघणतो, फुटका बद्द वाजतो. दुसरी, निळे डाग. तिथं बीड तापून कडक झालेलं असतं. लेथचं टूल त्यावरून उडतं, उंचवटा राहतो आणि पेडल थरथरत राहतं.

नवा घेताना नाना पेठेत जुना ड्रम सोबत न्या. गाडीचं मॉडेल एकच असलं तरी वर्षाप्रमाणे माप बदलतं. व्यास, खोली, बोल्टची भोकं, मधलं भोक, सगळं जुळवा. बिल घ्या. दोन्ही बाजूंचे ड्रम एकदमच बदला, नाहीतर गाडी एका बाजूला ओढते. लायनरही नवे टाका. जुना लायनर जुन्या ड्रमच्या आकाराला झिजलेला असतो, तो नव्याला पूर्ण टेकत नाही.

बसवताना गाडी सपाट जागी. पुढच्या चाकांना दोन्हीकडून दगड, मागं घोडी लावलेली. नुसत्या जॅकच्या भरवशावर हात घालू नका. हॅन्डब्रेक सोडा. ड्रम अडकला तर अॅडजस्टर मागं फिरवा. ड्रमवर दोन आट्याची भोकं असतील तर त्यात बोल्ट सारखे पिळत जा, ड्रम बाहेर येतो. आतली धूळ कॉम्प्रेसरनं उडवू नका, जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्यानं पुसा. ड्रम काढलेला असताना पेडल कुणी दाबायचं नाही, व्हील सिलिंडरचे पिस्टन बाहेर येतील.

सिलिंडर आणि अॅक्सलचं ऑइल सील तपासा. तिथं गळती राहिली तर नवा लायनरही दोन दिवसांत तेलकट. हबची बैठक तारेच्या ब्रशनं घासा, गंज राहिला तर ड्रम वाकडा बसतो. नव्या ड्रमला गंज लागू नये म्हणून तेल लावलेलं असतं, ते ब्रेक क्लीनरनं काढा. मग अॅडजस्टर असा ठेवा की चाक हातानं फिरावं, लायनर किंचित घासल्याचा आवाज यावा. ऑइलची लाइन उघडली असेल तर एअर काढा. नट समोरासमोरचे आवळा आणि पन्नास-शंभर किलोमीटरनं पुन्हा बघा.

शेवटचं. पहिले दोनशे किलोमीटर लायनर बसू द्या, रिकाम्या गाडीनं, हळूहळू ब्रेक मारत. काम झालं त्याच रात्री माल भरून घाटात निघू नका. आणि घाटात उतरताना गिअर तोच, जो चढताना लागतो.

तुमच्या गाडीचा काही प्रश्न असेल तर मॉडेल आणि वर्ष लिहून कळवा. पुढच्या भागात हॅन्डब्रेकच्या केबलबद्दल बोलू. सांभाळून चालवा, मंडळी!