तरुण खेळाडू आणि मोठी जबाबदारी



हॉकीच्या सामन्यांत आघाडीच्या एखाद्या तरुण खेळाडूनें लागोपाठ गोल केले, कीं लगेच प्रश्न निघतो : आतां याच्यावर संघाचा मोठा भार टाकावा काय ? प्रश्न उत्साहाचा असतो. उत्तर मात्र विवेकानें द्यावें लागतें. नुसते गोल मोजून तें देतां येत नाहीं, हें बलबीरसिंग यांच्या उदाहरणावरून चांगलें समजतें.

१९४८ सालीं लंडनच्या ऑलिंपिकमध्यें भारताचा संघ किशनलाल यांच्या नेतृत्वाखालीं उतरला. पंचविशीच्या आंतले बलबीरसिंग अर्जेंटिनाविरुद्ध खेळले आणि ९-१ अशा त्या विजयांत त्यांनीं एकट्यानें ६ गोल केले. एवढ्यावरून कोणीही म्हणेल, कीं गडी तयार झाला. परंतु तो सामना एकतर्फी होता. अशा सामन्यांत खेळाडूचा नेम दिसतो, कस दिसत नाहीं.

पुढें स्पेन व हॉलंड यांच्याविरुद्धच्या दोन्ही सामन्यांत त्यांना बाहेर बसावें लागलें. सहा गोल करणाऱ्यास असें बसविणें मला योग्य वाटत नाहीं. तरुणाचा आत्मविश्वास खचविण्यास याहून सोपा मार्ग नाहीं. १२ ऑगस्टला, स्वातंत्र्याचें पहिलें वर्ष पुरें व्हावयास तीन दिवस उरले असतां, ब्रिटनशीं अंतिम सामना झाला. त्यांत भारताच्या ४ गोलांपैकीं २ बलबीरसिंगांचे होते. ब्रिटनचा एकही नव्हता. मानहानी गिळून ऐन वेळीं स्थिर हातानें खेळणें, ही माझ्या मतें त्या सहा गोलांहून मोठी परीक्षा होती.

तरीही त्यांच्यावर सारा भार एकदम पडला नाहीं, हें ध्यानांत घेण्यासारखें आहे. १९५२ सालीं हेलसिंकी येथें के. डी. सिंग ‘बाबू’ कर्णधार होते व बलबीरसिंग उपकर्णधार. भारताच्या १३ गोलांपैकीं ९ त्यांनीं केले. त्यांतले ५ हॉलंडविरुद्धच्या अंतिम सामन्यांतले. कर्णधारपद त्यांना ऑलिंपिकमध्यें मिळालें तें १९५६ सालीं, मेलबर्न येथें. तेथें पहिल्याच सामन्यांत अफगाणिस्तानविरुद्ध ५ गोल केल्यावर त्यांच्या उजव्या हाताचें बोट मोडलें. दुखापत गुप्त ठेवण्यांत आली. कारण ते मैदानावर असले, कीं प्रतिपक्षाचें लक्ष त्यांच्याकडे गुंतून राहतें, असा हिशेब होता. पाकिस्तानविरुद्धच्या अंतिम सामन्यांत ते तसेच खेळले. भारत १-० नें जिंकला. तो एकमेव गोल रणधीरसिंग जेंटल यांचा होता. गोलांसाठीं प्रसिद्ध असलेल्या कर्णधाराच्या नांवावर त्या दिवशीं एकही गोल नव्हता, आणि तरी तो त्याचाही विजय होता.

तेव्हां तरुण खेळाडूची पारख करतांना पाहावें तें हें : गोल न झाला त्या दिवशीं तो संघाच्या उपयोगीं पडतो काय ? मोक्याच्या जागीं उभ्या असलेल्या सोबत्यास तो चेंडू देतो, कीं टाळ्यांच्या मोहानें स्वतःच मारतो ? चेंडू गेल्यावर परत धांवतो, कीं कमरेवर हात ठेवून उभा राहतो ? उत्तरें समाधानकारक असतील, तर वय आड आणूं नये. मात्र जबाबदारी द्यावयाची ती पायरीपायरीनें द्यावी. आणि एकदां दिली, कीं एका वाईट सामन्याखातर काढून घेऊं नये. खेळाडूनें तयार असावें हें खरें. पण त्याला तयार होऊं देणें, हें वडीलधाऱ्यांचें काम आहे.